देवाला पाय नसतात

देवाला हात किती असावेत यावरून आमच्या घरी सकाळची चूल पेटायची राहिली. बंगळुरूचं म्हणणं बारा. माझं म्हणणं एकही नको. माझी बायको शुक्री म्हणाली, "आधी तुमचं काय ते ठरवा," आणि हात धुऊन बाहेर उन्हात जाऊन बसली.

बंगळुरू म्हणजे प्रज्वल सर. हा माणूस फोनवर खेळायचे खेळ बनवतो आणि माझी मुलगी आंचल त्याच्याकडे उमेदवारीवर लागली होती. त्या खेळात डोंगर होते, राक्षस होते, जादूगार होते, तलवारी तर पोत्यानं होत्या. देव तेवढे व्हायचे होते. देवांनी शरीर कसं धारण करायचं, हे ठरवायचं काम आंचलकडे आलं. एवढं मोठं काम एका पोरीवर सोपवायला ब्रह्मदेवही धजला नसता, पण कंपनीत माणसं कमी होती.

अट अशी होती: एक देव असा करून दाखव की बघणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे. जमलं तर नोकरी पक्की, आणि ती इथं, आमच्या डोंगरातल्या कोटीधार गावी, घरी बसून कर. नाही जमलं तर बंगळुरूला ये आणि दुसऱ्यांनी काढलेल्या देवांना रंग दे. आंचल एक वर्ष बंगळुरूला राहून आली होती. तिथं तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसायचे. परत आली तेव्हा कितीतरी दिवस अंगणात बसून नुसती समोरच्या बर्फाकडे बघत होती. तिला पुन्हा जायचं नव्हतं. मलाही ती जायला नको होती. पण बापानं असं तोंडानं बोलायचं नसतं, म्हणून मी देवाच्या हातांवरून भांडत होतो.

आता ते चित्र काय होतं ते ऐका. बारा हात. पोटावर फरशी बसवल्यासारखे सहा चौकोन. केस असे, की देव स्वर्गातून निघून वाटेत न्हाव्याकडे थांबला असावा. आणि डोळ्यांतून वीज. मी उभं आयुष्य विजेच्या कचेरीत काढलं आहे. नको तिथून वीज बाहेर येणं हे मीटर जळाल्याचं लक्षण आहे, देवत्वाचं नव्हे.

"हा देव?" मी म्हणालो. "याला आपल्या गावात कुणी हात जोडणार नाही. फार तर गॅसचा सिलिंडर वर चढवून घेतील याच्याकडून."

"मग तुम्ही सांगा पापा, कसा असतो देव?"

हा प्रश्न मला कुणी विचारत नाही. विचारला की मी थांबत नाही.

"देवाला पाय नसतात," मी म्हणालो. "पाय आपले. आपला गावदेव रुआडू नाग रथातून निघतो तेव्हा काय असतं? पितळेचे मुखवटे, रेशमी कपडे, दोन लांब दांडे आणि त्या दांड्यांच्या टोकांखाली चार माणसं. बस. खूश असला की डोलतो. रागावला की दारातच ठिय्या मारतो, मग दहा जण ओढा, हलत नाही. प्रश्न विचारला तर पुढे झुकून हो म्हणतो, मागे हटून नाही म्हणतो. बहिणीकडे जेवायला जातो. शेजारच्या देवाशी मानपानावरून भांडतो. याला म्हणतात शरीर. सहा चौकोनांना नाही!"

खाली सपाटीवर राहणारी माणसं हे ऐकून हसतात, मला ठाऊक आहे. हसा. तुमचे देव भिंतीवर खिळ्याला टांगलेले असतात, बारा महिने एकाच कोनातून हसत. तुमची तक्रार ऐकून ते कधी एक पाऊल मागे सरकलेत? आमचा सरकतो. यातला जिवंत कोणता, ते तुम्हीच ठरवा.

आंचलनं लॅपटॉप पुढे ओढला. मग म्हणाली, "हेच सरांना सांगा." आणि मी नको नको म्हणेपर्यंत प्रज्वल पडद्यावर हजर. पोरगेलासा, दाढी राखलेला, पाठीमागे तलवारी टांगलेल्या.

"रथ? वा! चाकं किती, अंकल?"

"चाकं नाहीत."

"घोडे?"

"घोडे नाहीत. चार माणसं उचलतात."

"आणि आत देव बसतो."

"आत कुणी बसत नाही. रथ हाच देव."

"ओके. म्हणजे माणसं त्याला चालवतात."

"नाही. तो माणसांना चालवतो."

पडद्यावर बराच वेळ काही हललं नाही. मला वाटलं नेट गेलं. मग प्रज्वल हळूच म्हणाला, "अंकल, हे भारी आहे. पण तो चालतो कसा ते मला मोजून पाहिजे. मी यंत्र पाठवतो."

अशा रीतीनं मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

कुरिअरनं काड्यापेटीएवढ्या चार डब्या आल्या. रथाच्या चार टोकांना एकेक बांधायची. कुठलं टोक कधी, किती आणि कुणाच्या जोरानं हललं, ते सगळं त्या टिपून ठेवतात म्हणे. डब्या आल्याची बातमी आमच्या आधी शेजारी पोचली. शेजारी म्हणजे लोतराम, सरकारी बसचा निवृत्त ड्रायव्हर. घाटातल्या वळणांवर आयुष्य गेल्यामुळे त्याला जगातली प्रत्येक गोष्ट गाडीसारखीच दिसते.

"मेहरचंद भाई," तो कुंपणावरून म्हणाला, "देव मागे हटतो ना, तेव्हा कसला तरी आवाज ठेवायला सांग पोरीला. मागे कुणी उभं असतं. माझ्या माहितीत दोघांच्या पायाची बोटं गेलीत."

"आणि रुसणं ठेवा!" त्याची बायको निम्मो भाभी आतून ओरडली. "न रुसणाऱ्याला कुणी विचारत नाही. देव असो की बाई."

"तरी तू एवढी रुसतेस, मी कुठं विचारतो?" लोतराम म्हणाला, आणि त्या दिवशी त्यांच्याकडेही चूल पेटली नाही.

मी डब्या घेऊन कारदाराकडे गेलो. देवाचा सगळा कारभार, जमीन, दौरे, पाहुणचार, हे तापेराम कारदाराच्या हातात. माणूस वाईट नाही, पण देवाचा कारभारी असल्यामुळे स्वतःच्या दोन पायऱ्या खाली सगळं जग आहे असं धरून चालतो.

"अर्ज आणलास?"

"कुणाच्या नावे लिहू, कारदारजी?"

"देवाच्या. पण देव सध्या नाही. बहिणीकडे गेलाय."

"परत कधी येणार?"

"ते मी कोण सांगणार? त्याच्या मनात येईल तेव्हा. आल्यावर आराम करेल. मग बघू."

तोवर रथ चालवून बघायला गावच्या मैदानाची परवानगी काढावी म्हणून पंचायतीत गेलो. सचिव म्हणाला, मैदान देवाच्या नावावर आहे, देवाची परवानगी आणा. कारदार म्हणाला, मैदानात यंत्र लावायचं असेल तर पंचायतीचा दाखला आणा. दोघंही अगदी प्रेमानं बोलत होते, चहा पाजत होते. ही कला मी ओळखतो. कचेरीत दुसरं काही शिकवतच नाहीत. पण स्वतः दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यावर ती किती बारकाईची आहे हे कळतं.

अखेर देव आला. आराम झाला. मी टोपी नीट करून समोर उभा राहिलो, डब्या दाखवल्या आणि विचारलं. देव असा काही मागे हटला की मागच्या दोघांच्या टाचा देवळाच्या पायरीला आपटल्या. (लोतरामचा मुद्दा मला तिथं पटला.) आणि गूर, म्हणजे ज्याच्या तोंडून आमचा देव बोलतो तो माणूस, त्यानं टोपी फेकली, केस सोडले आणि थरथरत ओरडला:

"माझ्या अंगाला डबे बांधतोस? मी काय जत्रेतला वजनकाटा आहे? एवढीच हौस असली तर तुझा तू बनव!"

कारदारानं हात जोडले. "झालं. आज्ञा झाली. बनव."

"अहो कारदारजी, आज्ञा कसली, रागानं म्हणाला तो!"

"राग त्याचा, शब्दही त्याचाच. आता नाही बनवलास तर देवाचा शब्द खाली पडेल. मग माझ्याकडे येऊ नकोस."

आता मला सांगा, जगात दुसऱ्या कुठल्या गावात माणसाला चिडून 'तुझा तू बनव' म्हटल्यावर खरंच देव बनवायला बसावं लागतं?

सुताराकडून सांगाडा करून घेतला. दांडे देवदारचे. कपड्यांसाठी शुक्रीनं लग्नातला रेशमी पट्टू, म्हणजे आमच्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ती मोठी शाल, काढला आणि माझ्याकडे असं बघितलं की पट्टूला डाग पडला तर रथ माझ्याच अंगावर बांधला जाईल. मुखवट्यांचा प्रश्न होता. मुखवटे देवाचे, खोट्या रथाला मुखवटे घडवून घेणं म्हणजे पोलिसाचा गणवेश शिवून रस्त्यात उभं राहणं. म्हणून आम्ही स्वयंपाकघरातल्या पितळी थाळ्या घासूनपुसून लावल्या. वजन तेवढंच आणि चमकही तीच. त्यातली सगळ्यात मोठी थाळी शुक्रीच्या माहेरची. ती पुढे, मधोमध.

उचलायला लोतराम, त्याची दोन मुलं आणि कोपऱ्यावरचा दुकानदार खीमी. चारही टोकांना डब्या बांधल्या आणि मैदानात गेलो. आंचल लॅपटॉप घेऊन बसली. मी म्हणालो, "चला, आणा देव."

काय सांगू! चौघांनी तो रथ असा आणला, जसा जिन्यावरून फ्रिज आणतात. "जरा डावीकडे... सांभाळ... दगड आहे... टेकव, टेकव!" मी ओरडलो, "डोलवा की!" तर त्यांनी डोलवला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, शाळेतल्या कवायतीसारखा. हेच चौघं रुआडू नागाच्या रथाखाली असतात तेव्हा वाऱ्यातल्या झाडासारखे दिसतात. तेच खांदे, तेच पाय, आणि आज जणू कुणाचं तरी सामान हलवत होते.

प्रज्वलनं पाहिलं आणि म्हणाला, "हे तर कुणीतरी घर बदलतंय."

"वाद्यं नाहीत ना," लोतराम म्हणाला. "इंजिन बंद ठेवून गाडी ढकलली तर अशीच जाणार."

वाजवणाऱ्यांना बोलावलं. त्यांनी विचारलं, देव कोण? मी म्हटलं, कुणीच नाही. मग ते म्हणाले, प्रत्येक देवाची चाल वेगळी असते, कुणीच नाही याची चाल आम्हाला येत नाही. वाटल्यास लग्नाचं वाजवतो. वाजवलं. त्याबरोबर रथ नवऱ्या मुलासारखा लाजत मुरडत चालायला लागला आणि खीमी तर मध्येच एक हात सोडून नाचला. ते बघून प्रज्वलनं फोन ठेवला. ठेवण्याआधी आंचलला म्हणाला, "या आठवड्याअखेर दाखव, नाहीतर तिकीट काढ."

आंचलनं लॅपटॉप मिटला आणि ती गवतातल्या काड्या तोडत बसली. मी माझा सगळा संताप गोळा करून चौघांवर काढला. "उचला ते खोकं आणि चला घरी!"

आणि इथं ते घडलं.

उतारावर, पाण्याच्या झऱ्यापाशी, लोतरामची म्हातारी आई बसली होती. सगळं गाव तिला आमा म्हणतं. डोळ्यांनी अधू आहे. तिला काय दिसलं असेल? उन्हात चमकणारं पितळ, रेशीम, चार खांदे. ती तटकन उठली, कानाजवळ खोवलेलं झेंडूचं फूल काढलं, थाळीवर वाहिलं आणि पदर पसरून म्हणाली, "नातसुनेचे दिवस भरत आलेत. सुखरूप सुटेल ना गं आई?"

कुणी काही बोलायच्या आत रथ पुढे झुकला. तो कवायतीसारखा झुकला नाही. आजीच्या अंगावर नातवंडानं झेप घ्यावी तसा गेला आणि तिच्या पदराला टेकून थांबला.

चौघांचे चेहरे पांढरे पडले.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"मी नाही," लोतराम म्हणाला.

"मी नाही," मुलं म्हणाली.

"माझा तर पाय घसरत होता," खीमी म्हणाला. "मी मागे रेटत होतो."

झऱ्यावरच्या बायका घागरी ठेवून धावत आल्या. मी मध्ये पडलो. म्हटलं, अहो, देव नाही हा! आमच्या घरातल्या थाळ्या आहेत या! आणि कुणाचा विश्वास बसेना म्हणून मी पुढची मोठी थाळी उलटी करून मागचं नाव दाखवलं. सासरी मुलगी पाठवताना भांड्यावर ठोके मारून नाव घालतात ना, तसं घातलेलं होतं. लोतरामच्या धाकट्यानं मोठ्यानं वाचलं: "बुधी देवी."

"जय बुधी देवी!" सगळा झरा दुमदुमला.

बुधी देवी माझ्या सासूचं नाव.

हयात असताना सासूबाई आमच्याकडे आल्या की तीन गोष्टींवर नाराजी दाखवून जायच्या: ताक, घराची दिशा आणि मी. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आणि आता माझ्याच खर्चानं, माझ्याच दांड्यांवर, त्या गावभर हो-नाही सांगत फिरणार होत्या. शुक्री धावत आली, थाळीकडे बघितलं, "आई!" म्हणाली आणि रडायलाच लागली.

घरी पोचायच्या आत कारदाराचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर हजर व्हायचं. देवीसकट.

सगळं गाव जमलं होतं. तापेराम कारदार पायरीवर उभा राहून तांबडालाल झाला होता. "मेहरचंद! लोक बायकोला पंचायतीची प्रधान करतात ते ऐकलं होतं. तू सासूला देवी केलीस?"

"मी नाही केली, आमानं..."

"कुळाचा पत्ता नाही, जागा नाही, जन्मकथा नाही! उद्या प्रत्येक जण आपल्या सासूला घेऊन येईल, बसवू कुठं त्यांना? देवानं नाही म्हटलं तर हा सांगाडा इथंच जळेल, डब्या बियास नदीत जातील आणि शुद्धीचं जेवण तुझ्याकडे, सगळ्या गावाला!"

माझं लक्ष जेवणाकडे नव्हतं. आंचल गर्दीच्या कडेला उभी होती. सांगाडा जळाला, डब्या गेल्या, की तिची बॅग भरायला घ्यायची. तिनं डब्या काढलेल्याही नव्हत्या. त्या टोकांना तशाच लुकलुकत होत्या.

रुआडू नागाचा रथ बाहेर आला. गूर थरथरू लागला. कारदारानं विचारलं, "देवा, ही कोण?"

गूरनं केस सोडले. मग बोलला, आणि या वेळी ओरडला नाही.

"खांद्यावरून आली ना? मग पाहुणी आहे. दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात, कूळ मागाहून. तापेराम, हे तुला मी शिकवायचं?"

मी बरीच भाषणं ऐकली आहेत. मंत्र्यांची, साधूंची, आमच्या चीफ इंजिनियरची. पण एका वाक्यात अख्ख्या गावाची मान खाली आणि छाती वर करणारं बोलणं मी पुन्हा ऐकलेलं नाही. तापेरामनं टोपी काढून डोकं खाजवलं, आणि पाण्याचा लोटा आणायला स्वतः गेला. हेही त्याचं मी मानतो.

पाहुणी म्हटल्यावर गळाभेट आली. दोन रथ समोरासमोर धावतात, झुकतात, अंगाला अंग लावतात. वाद्यं सुरू झाली, आणि नेमका तेव्हाच खीमी म्हणाला, "दुकानासमोर बस थांबली, आलोच!" आणि पळाला. चौथं टोक रिकामं. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. माझी कंबर धड नाही, आयुष्यात कधी रथाला खांदा दिलेला नाही, साहेबी नोकरीमुळे सुटलो होतो. शुक्री म्हणाली, "बघताय काय? माझी आई आहे ती!"

मी खांदा दिला.

आता जे सांगतो ते खोटं वाटलं तर वाटू द्या. आधी नुसतं वजन होतं. लाकूड, पितळ, पट्टू. मी ठरवलं होतं, जपून चालायचं, इज्जत सांभाळायची. समोरून रुआडू नाग निघाला, आणि माझ्या खांद्याला कुणीतरी लहान मुलानं बोट धरून ओढावं तसं ओढलं. मला वाटलं लोतरामनं ओढलं. मी रागानं त्याच्याकडे बघितलं, तर तो माझ्याकडे रागानं बघत होता. मग बघायला वेळच उरला नाही. पाय धावत होते. माझेच होते, पण मला विचारून नाही. दोन्ही रथ भिडले, झुकले, पुन्हा भिडले. बायका गात होत्या, आमा टाळ्या वाजवत होती, आणि माझ्या तोंडून, मी, मेहरचंद, हेडक्लार्क, माझ्या तोंडून "आहा!" असा आवाज निघाला. टोपी कधीच उडाली होती. शेवटच्या वळणावर दांडा एकीकडे आणि मी दुसरीकडे गेलो, तो थेट बिच्छू घासात, म्हणजे विंचवासारख्या डसणाऱ्या गवतात. ज्यांना ती घास माहीत नाही त्यांनी एवढंच समजावं की दोन दिवस मी उभ्यानं जेवलो.

त्या दोन दिवसांत आंचल लॅपटॉपपाशी होती. डब्यांनी सगळं टिपलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं मला बोलावलं.

"पापा, बघा. ही तुमची रेघ. तुम्ही ओढत नव्हता, तुम्हाला बाकीचे तिघं ओढत होते. आता ही लोतरामचाचांची. त्यांनाही बाकीचे तिघं ओढत होते. ही मुलांची. तेच."

"मग ओढत कोण होतं?"

"आई," शुक्री आतून म्हणाली.

आंचलनं तसंच ते प्रज्वलला दाखवलं. तो वैतागला. "चूक आहे. चारातला एक तरी ओढणारच. हे गणित आहे!"

"डब्या तुमच्याच आहेत, सर. आमच्या असत्या तर मीही शंका घेतली असती."

"मग दुरुस्त कर. एकाला चालक कर. खेळणाऱ्याला कळायला नको, देव कोण चालवतोय?"

"एकाला चालक केला तर तो देव राहत नाही सर. टेम्पो होतो."

मी दाराआड उभा होतो. ही पोर माझी आहे हे सांगायला मला त्या वेळी कुणीतरी हवं होतं, पण तिथं फक्त निम्मो भाभीचं मांजर होतं.

"आंचल," प्रज्वल म्हणाला, "दुरुस्त कर, नाहीतर इथं ये. समोर बसून शिकवतो."

तिनं दुरुस्त केलं नाही. आपल्या मनासारखं करून पाठवलं. खेळात देव चार जणांनी मिळून धरायचा. प्रत्येकाच्या फोनवर एकेक टोक, टोकावर अंगठा. देव कुणा एकाचं ऐकत नाही. चौघांत जे घडेल ते त्याचं शरीर. हात नाहीत, चौकोन नाहीत. पितळ, रेशीम आणि झोका.

शनिवारी दुपारी प्रज्वलचा फोन आला, की करून बघू. चार टोकं हवीत. एक त्याचं, एक त्याच्या शेजारच्या मुलीचं. बनवणाऱ्यानं हात लावायचा नाही असं आंचलनं ठरवलेलं. म्हणून तिसरं माझं आणि चौथं शुक्रीचं. शुक्रीनं त्याआधी फोनवर फक्त माहेरच्या बायकांशी भांडण केलेलं होतं. तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि अंगठा ठेवला.

आधी फ्रिज. चार दिशांना चार अंगठे. मग, कधी ते मला सांगता येणार नाही, पडद्यावरचं पितळ हललं आणि झोका बसला.

"ए, ओढू नकोस," प्रज्वल म्हणाला.

"मी कुठं ओढतेय, सर? तुम्हीच," ती मुलगी म्हणाली.

प्रज्वल पडद्याच्या इतका जवळ आला की त्याच्या मागच्या तलवारी दिसेनाशा झाल्या. "याला... विचारता पण येतं?"

"येतं," आंचल म्हणाली. "पुढे झुकला तर हो. मागे हटला तर नाही."

तो हसला. शहरातली माणसं घाबरली की हसतात तसा. आणि म्हणाला, "बरं. आंचलनं बंगळुरूला यावं?"

आंचलनं टेबलाची कड धरली. मी अंगठ्याकडे बघत होतो. मला तो मागे ओढायचा होता, देवाशपथ ओढायचा होता, पण माझ्या मनात यायच्या आत देव मागे हटला. असा हटला, की खेळातल्या देवळाची पायरी मोडली, ढोल आपटले आणि रथ थेट गावाच्या वेशीत शिरून ठिय्या मारून बसला. प्रज्वलनं अंगठा पुढे रेटला. दोन्ही हातांनी रेटला. देव हलेना.

"अंकल! तुम्ही ओढलंत!"

"मी?" माझा पारा चढला. "अख्खी नोकरी सरकारात केलीय मी. माझ्या हातून कधी काही हललं, असा एक साक्षीदार आणून दाखवा!"

"थांबा, आकडे बघतो," तो म्हणाला. बोटं बटणांवर गेली. मग त्यानं ती परत घेतली.

"नको," तो म्हणाला. "राहू दे. आंचल, तिथूनच कर. आणि बाकीचे देवही तूच कर."

आंचल अंगणात पळाली. मी शुक्रीकडे वळलो. तिनं फोन ओढणीच्या टोकानं पुसला, कपाळाला लावला आणि देव्हाऱ्यापाशी ठेवून दिला. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

मी विचारलं नाही. आमच्याकडे खांदा देणाऱ्याला विचारत नाहीत. विचारायचं ते देवाला, आणि तो बोलून मोकळा झाला होता.